कवेलूखालचा सर्व्हर

आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला. मागच्या खोलीवर मात्र अजून कवेलूच आहेत. इतरत्र ज्याला कौल म्हणतात, त्याचाच आमच्याकडचा हा गावठी भाऊ. अर्धगोल, कुंभाराच्या हातचा आणि वजनाने हलका असल्यामुळे तो दरवर्षी मृग लागण्याआधी फेरावा लागतो. फेरणे म्हणजे नवे छप्पर घालणे नव्हे. एका बाजूने सगळे कवेलू उतरवत जायचे, वर्षभराचा पालापाचोळा झाडायचा, फुटके बाजूला काढायचे, खालच्या कमच्या किडल्या असतील तर बदलायच्या आणि तेच कवेलू पुन्हा ओळीने बसवायचे. दोन दिवसांच्या या खटाटोपानंतर घर बाहेरून अगदी पूर्वीसारखेच दिसते. काय केले, असे कोणी विचारले तर दाखवायला काही नसते. पाऊस घरात येत नाही, एवढेच.

याच खोलीत, देवळीच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या तळहाताएवढ्या संगणकावर माझी तीन संकेतस्थळे चालतात. गेल्या अकरा वर्षांत मी त्यांच्यासाठी जे काम केले, त्यातले बहुतेक या फेरणीच्याच जातीचे होते. लिहिण्यात किती वेळ गेला आणि लिहिलेले जागेवर ठेवण्यात किती गेला, याचा हिशेब मांडायला बसलो तर दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पुढे जाईल. याचे मला पूर्वी वाईट वाटत असे.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. तीनपैकी पहिले संकेतस्थळ आमच्या अंगणातल्या पावसाचे आहे. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे मी रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक पाहतो आणि आदल्या साडेआठपासूनचा पाऊस त्या दिवसाच्या नावावर मांडतो. साडेआठ ही वेळ आपल्याला अडनिडी वाटते, पण ग्रीनिचच्या हिशेबाने ते बरोबर पहाटेचे तीन असतात. दुसरे संकेतस्थळ शकुंतलेचे आहे. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला येणारा हा अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीचा लोहमार्ग. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन त्यावर १९९४पर्यंत धावत होते आणि लहानपणी मी त्याच्याच मागे बसून मामाच्या गावी जात असे. आता गाडी नाही. फलाटावर बाभळी आहेत, म्हणून मी एकेका स्थानकावर जाऊन फोटो काढतो आणि प्रत्येक स्थानकासाठी एक पान लिहितो. तिसरे संकेतस्थळ म्हणजे मायने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, तिच्याच आवाजात. या तिन्हींना मिळून दिवसाकाठी येणारी खरी माणसे बोटांवर मोजता येतात आणि त्यांतली दोन बोटे माझ्या मुलीची असावीत असा मला संशय आहे.

माझे सर्वांत पहिले संकेतस्थळ एका फुकट सेवेवर होते. ती सेवा एक दिवस बंद झाली. त्याची सूचना मी कधीच न उघडणाऱ्या एका जुन्या ईमेलवर येऊन पडली होती, म्हणजे चूक निम्मी माझीही म्हणावी लागेल. तो काळच तसा होता; याहूने २००९च्या ऑक्टोबरात जिओसिटीज ही अशीच फुकट सेवा बंद केली तेव्हा हौशी लोकांनी वर्षानुवर्षे रचलेली लाखो पाने एका दिवसात आपल्या पत्त्यावरून नाहीशी झाली. माझी गेलेली पाने मोजून सतरा होती, पण ती मला अजून आठवतात. २०१४मध्ये बाराशे पानांच्या पुस्तकाएवढा दिसणारा एक रास्पबेरी पाय नावाचा संगणक माझ्या हाती आला असता तर बहुधा मी घाबरलो असतो. तो काडेपेटीच्या भावंडाएवढा निघाला, म्हणून घरीच सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला पाने देणारा संगणक, चालवायचा मी धीर केला.

मायला तो डब्बा पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला. "थो डब्बा दिवसभर करते काय रे? लाईन तं खाते, अन् देते काय?" असे ती विचारायची, आणि मी काहीतरी लांबण लावली की "असू दे बापा" म्हणून विषय मिटवायची. जिनेव्हाच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ज्या संगणकावर पहिला वेब सर्व्हर चालवला, त्यावर लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी होती: हे यंत्र सर्व्हर आहे, याची वीज बंद करू नका. तीच चिठ्ठी मी मराठीत लिहून आमच्या फळीला चिकटवली. मुलीच्या लग्नात पाहुण्यांपैकी कोणीतरी ती शांतपणे वाचली, प्लग काढला आणि आपला मोबाईल चार्जिंगला लावला.

पाहुण्यांचे जाऊ द्या, आमच्याकडे लाईन तशीही जाते. चालू यंत्राची वीज लिहिता लिहिता तुटली की मेमरी कार्डावरचा मजकूर अर्धवट राहतो, आणि असे वारंवार झाले की कार्डच मरते. दोन वर्षांत माझी तीन कार्डे गेली. मग जुना लॅपटॉप लावला, कारण त्याची बॅटरी हेच त्याचे इन्व्हर्टर. ही युक्ती काढल्याचा मला इतका अभिमान होता, की बॅटरी अखंड भरलेली ठेवून तिला पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात कवेलूखाली बसवले तर काय होते, हा प्रश्न मनात आलाच नाही. ती फुगली. एका मे महिन्यात कीबोर्ड मधोमध उचलला गेलेला दिसला, तेव्हा मी चिमट्याने धरावे तसा तो लॅपटॉप अंगणात नेऊन ठेवला. २०२१पासून पुन्हा रास्पबेरी पाय आहे, पण कार्डाऐवजी एसएसडी या अधिक टिकाऊ डिस्कवर आणि घराच्या इन्व्हर्टरवर. उन्हाळ्यात त्याच्या प्रोसेसरचे तापमान ऐंशी अंशांवर गेले की तो आपण होऊन वेग कमी करतो. मेमध्ये दुपारी आम्हीही तेच करतो.

घरात सर्व्हर ठेवला म्हणजे जग घरी येते, अशी माझी समजूत होती, आणि तांब्याच्या तारेवरचे इंटरनेट असेपर्यंत ती बरीचशी खरी होती. ती तार रस्त्याच्या कामात तुटली ती पुन्हा जोडली गेली नाही, आणि मी मोबाईलच्या इंटरनेटवर आलो. तिथे निराळीच अडचण होती. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी आहेत आणि ते जगाला केव्हाच अपुरे पडले, म्हणून कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. आतून बाहेर जाता येते. बाहेरच्याला मात्र तुमचे नेमके दार सापडत नाही. माझ्या लहानपणी गावातल्या निम्म्या लोकांची पत्रे "मार्फत" यायची, म्हणजे पाकिटावर बसथांब्याजवळच्या किराणा दुकानाचे नाव असायचे आणि दुकानदार ती ज्याची त्याला द्यायचा. मी शेवटी तेच केले. मुंबईतल्या एका सर्व्हरवर महिन्याच्या भाड्याने एक कोपरा घेतला आणि तिथून घरापर्यंत वायरगार्ड नावाच्या प्रोग्रामने एक बंद बोगदा टाकला. येणारा माणूस मुंबईच्या दुकानात चौकशी करतो, आणि पान निघते ते देवळीवरच्या फळीवरून. याला स्वतःचा सर्व्हर म्हणावे की नाही, यावर कर्मठ लोक वाद घालतील. मजकूर माझ्या घरात आहे आणि उद्या ते दुकान बंद झाले तर मी दुसऱ्या दुकानाचे नाव सांगेन, एवढ्यावर माझे समाधान आहे.

अपडेटचे प्रकरण मात्र मला फार उशिरा समजले. सुरुवातीला मला वाटे, की चालू असलेल्या गोष्टीला हात लावू नये. तीन वर्षे मी तो लावला नाही. पावसाचे संकेतस्थळ तेव्हा पीएचपी या प्रोग्राम लिहिण्याच्या भाषेत होते आणि आकडे मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये होते; ज्या आज्ञांनी मी ते आकडे वाचत असे, त्या आज्ञा आता जाणार आहेत अशी ताकीद पीएचपी २०१३पासून देत होते. मी ती वाचली नव्हती. २०१७च्या दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या उत्साहाने, यंत्र ज्या डेबियन नावाच्या प्रणालीवर चालते तिच्या आठव्या आवृत्तीची नववी केली, तिच्यासोबत पीएचपी ७ आली, त्या आज्ञा गेल्या, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझ्या सगळ्या पावसाच्या जागी एक पांढरे कोरे पान उभे राहिले. बायको दारात दिवे लावत होती. "अहो, आजच्या दिवस तं त्या डब्याले सुटी द्या," असे ती म्हणाली. मी दिली नाही आणि ते बरोबर केले नाही, कारण रात्री दोनपर्यंत बसूनही काही दुरुस्त झाले नाही, शिवाय फराळाला बसलेल्या मेव्हण्यांशी मी धड बोललोही नाही.

कवेलूचे घर तीन वर्षे न फेरता ठेवले आणि चौथ्या वर्षी मुसळधार पाऊस आला, तर दोष पावसाला देता येत नाही. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि जुनीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळून पाच वर्षे मिळतात. एवढी उसंत असताना एकदम तीन वर्षांची फेरणी एका रात्रीत करायला जाणारा माणूस उत्साही नसतो, आळशी असतो. त्या दिवाळीनंतर मी दोन गोष्टी केल्या. सुरक्षेच्या किरकोळ दुरुस्त्या रात्री आपोआप बसतील अशी सोय केली. आणि जे जे फेरावे लागते ते कमी केले. पावसाचे आकडे आता साध्या मजकुराच्या फाइलीत असतात, दिवसाला एक ओळ. माझा छोटा प्रोग्राम त्यांतून एचटीएमएलची तयार पाने काढून ठेवतो आणि सर्व्हरला ती नुसती उचलून द्यायची असतात. मागे डेटाबेस नाही, पीएचपी नाही. पानावर शोधाची चौकट होती, ती गेली. वाचकांना अभिप्राय लिहायची सोय होती, तीही गेली. तिच्याबद्दल हळहळलो, पण गेल्या दोन वर्षांतले अभिप्राय पाहिले तर बहुतेक बुटांच्या जाहिरातींचे होते.

ओव्यांची पाने तयार करताना जे निस्तरावे लागले, ते मात्र कोणत्याही अपडेटने आपोआप होण्यासारखे नव्हते. मायच्या ओव्या मी २००३च्या सुमारास टंकल्या होत्या त्या, सगळ्या संगणकांना अक्षरे सारखीच कळावीत म्हणून ठरलेल्या युनिकोडच्या पूर्वीच्या एका फॉन्टमध्ये, म्हणजे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांचा खच होऊन दिसत. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकावी लागे, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते; रफाराचे याच्या उलट. हे बदलणारा प्रोग्राम मी लिहिला आणि तो बरा चालला. अडला तो आमच्या वऱ्हाडावर. वऱ्हाड, पऱ्हाटी, कऱ्हा या शब्दांतला अर्धा ऱ प्रोग्रामला ओळखताच येईना, आणि मायच्या प्रत्येक चौथ्या ओवीत पऱ्हाटी आहे, कारण जिचे आयुष्य कापूस वेचण्यात गेले ती दुसरे काय गाणार? अर्ध्या ओव्या "पर्‍हाटी" अशा सुधारल्या गेल्या आणि काही "पर्हाटी" अशा बिघडल्या. त्याहून पुढची गंमत अशी, की हा अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक खास नुक्त्याच्या ऱला हलन्त जोडून आणि दुसरा साध्या र्‌पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात, त्यामुळे "पऱ्हाटी" शोधले तर निम्म्याच ओव्या सापडायच्या. शेवटी एका उन्हाळ्यात सगळ्या ओव्या डोळ्यांनी वाचून एकाच तऱ्हेवर आणल्या. माय तेव्हा खाटेवर असायची. मी एखादी ओळ अडखळत वाचली, की ती पुढची ओळ म्हणायची, आणि दोनदा तिने मी वीस वर्षांपूर्वी चुकीचे टंकलेले शब्द बरोबर केले. ती गेल्यावर आता तशी कोणी दुरुस्ती सांगणारे नाही.

सर्व्हरचा लॉग, म्हणजे दारावर कोण आले त्याची नोंद, वाचायची सवय मला लागली ती एकटेपणातून, आणि लागलीच पश्चात्तापही झाला. ज्या दिवशी दार उघडले त्याच दिवशी कोणीतरी रूट, म्हणजे यंत्राच्या मुख्य मालकाच्या, नावाने आत शिरू पाहत होते. माझ्याकडे वर्डप्रेस हा संकेतस्थळे चालवणारा प्रोग्राम कधीच नव्हता, तरी वर्डप्रेसच्या दाराची कडी दिवसाला शेकडो वेळा वाजते. हे वैयक्तिक नाही, हे समजायला मला वेळ लागला. आमच्याकडे जंगलातून वानरांचे कळप येतात आणि छपरावरून पळताना प्रत्येक कवेलू हलवून पाहतात. त्यांचे आमच्याशी वैर नसते, कुठला सैल आहे एवढेच त्यांना हवे असते. पासवर्डने आत येण्याची वाट मी बंद केली, फक्त किल्लीची फाइल असेल त्यालाच प्रवेश ठेवला, आणि लॉग आठवड्यातून एकदाच वाचायचा असे ठरवले. अलीकडे मात्र मजकूर गोळा करणारी यंत्रे शकुंतलेचे फोटो रात्रंदिवस ओढून नेऊ लागली आहेत, तेही मोठ्या मापातले. काय घ्यावे, काय घेऊ नये हे सांगणारी रोबॉट्स फाइल १९९४पासूनची रूढी आहे. काही पाळतात, काही पाळत नाहीत. मोठे फोटो मी मुंबईच्या दुकानात हलवले.

आता २०२३च्या जुलैचे सांगतो, कारण त्यानंतर माझा या छंदाकडे पाहण्याचा सूर बदलला. २१ तारखेच्या रात्रीपासून यवतमाळ जिल्ह्यात पाऊस असा कोसळला, की सकाळी आमच्या नाल्याचे पाणी शाळेच्या ओट्याला लागले होते. लाईन २१च्या संध्याकाळीच गेली होती आणि इन्व्हर्टरने रात्री अकराच्या सुमारास मान टाकली. २२ला साडेआठ वाजता मी छत्री धरून मापक मोजले आणि वहीत लिहिले. लाईन आली ती संध्याकाळी. मोबाईलचा टॉवर मात्र बंदच होता. मी घाईने आकडा सर्व्हरवर टाकला. तारीख टाकत नसे, ती यंत्र आपली घालून देत असे.

रास्पबेरी पाय ४च्या पोटात वीज नसताना चालणारे घड्याळ नसते. तो सुरू झाला, की शेवटची नोंदवलेली वेळ उचलतो आणि इंटरनेट मिळताच ती खरी करून घेतो. इंटरनेट नव्हते, म्हणून त्याच्या लेखी अजून २१ जुलैचे रात्रीचे अकराच वाजले होते. त्याने २२चा पाऊस २१च्या नावावर चढवला, आणि एकाच तारखेला दुसरा आकडा आला तर तो दुरुस्ती समजावा अशी माझीच सूचना असल्यामुळे २१चा खरा आकडा पुसून टाकला. रात्री टॉवर सुरू झाला, घड्याळ जागेवर आले आणि चूक झाल्याची कसलीही खूण उरली नाही.

चार दिवसांनी गावातला एक शेतकरी घरी आला. नाल्याकाठची त्याची तूर मातीसकट खरडून गेली होती. मोबाईलवर माझे पान उघडून तो म्हणाला, "सर, तुमच्या मशीनमंदी पाऊस २१ तारखेले दाखवून राहिला, अन् पंचनाम्यावर २२ हाय. तलाठ्यानं तारीखच चुकवली ना मंग?" त्याच्या तोंडावर भांडायची तयारी दिसत होती. अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळातल्या सरकारी मापकावर, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला तर. माझ्या अंगणातल्या आकड्याला त्यात काडीची किंमत नाही, हे मी त्याला सांगितले. पण सांगता सांगता माझ्या लक्षात आले, की त्याच्या दृष्टीने किंमत होती. मी वही काढली. वहीत २२ होते.

"मंग मशीन खोटं बोलते काय, सर?"

"मशीन नाही बापा. तिचं घड्याळ माघं पडलं होतं."

वही घेऊन मी त्याच्यासोबत चावडीवर गेलो, आणि जी चूक तलाठ्याची नव्हतीच ती माझी असल्याचे सांगून आलो. बोटांवर मोजण्याइतक्या वाचकांचे पान म्हणून मी ज्याला इतकी वर्षे खेळणे समजत होतो, त्याच्या भरवशावर एक माणूस भांडायला निघाला होता.

दुरुस्ती सोपी होती. नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारे एक घड्याळ दोनेकशे रुपयांत मिळाले, ते यंत्राला जोडले. तारीख आता मी स्वतः टंकतो. जुना आकडा आता पुसला जात नाही; वहीत जशी एक रेघ मारून शेजारी नवा लिहितो, तसेच पानावरही दिसते, आणि जुलै २०२३ उघडले तर ती रेघ आजही तिथे आहे. याच पडताळणीत बॅकअपची बाह्य डिस्क दोन महिन्यांपासून जोडलीच जात नसल्याचे आणि प्रोग्राम इमानदारीने एका रिकाम्या फोल्डरची प्रत काढत असल्याचेही समजले. आता एक प्रत मुलीकडे अमरावतीला असते, एक गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली, आणि दर पोळ्याला मी त्यांतली एखादी उघडून दोन ओव्या ऐकून पाहतो.

मुलगी म्हणते, "बाबा, हे सगळं एखाद्या मोठ्या कंपनीच्या जागेवर फुकट ठेवता येतं." ती या धंद्यातलीच आहे, आणि तिचे म्हणणे खोटे नाही. तशी एक प्रत मी तिला ठेवूही दिली. पानेच आता अशी साधी आहेत, की पेनड्राइव्हवर घातली तरी सर्व्हरशिवाय उघडतात. माझ्यानंतर डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचे, पैसे कोणी भरले नाहीत, तर निदान तेवढे तरी उघडेल. पण साडेआठला मापक पाहून आल्यावर तो आकडा आपल्याच घरातल्या फळीवर जाऊन बसतो, यात मला जी गोडी आहे ती मी तिला समजावू शकलो नाही, आणि तिनेही फार ताणले नाही.

डेबियनची तेरावी आवृत्ती २०२५च्या ऑगस्टमध्ये आली आहे. ती चढवायला दिवाळीची सुट्टी आहे, लक्ष्मीपूजनाचा दिवस सोडून. त्याआधी छपराच्या उजव्या कोपऱ्यातले चार कवेलू वानरांनी सरकवले आहेत आणि कवेलू फेरणारे बाबा आता शिडी चढत नाहीत, तेव्हा ते मलाच बसवावे लागतील. फळी नेमकी त्याच कोपऱ्याखाली आहे.